रॅपच्या गाण्यात मर्दानी खेळ कुठून आले?

मार्च २०२५ मध्ये हनुमानकाइंड या रॅपरचं ‘रन इट अप’ आलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते सगळ्यात आधी टाकलं कोल्हापूरच्या काकांनी. काकांचा आणि रॅपचा काडीचा संबंध नाही. त्यांनी पाठवलं ते एवढ्याचसाठी, की त्यात मर्दानी खेळ आहेत. केरळचं कळरीपयट्टू, पंजाबचा गतका, मणिपूरचं थांग-ता या युद्धकला आणि त्यांच्या रांगेत आपले मर्दानी खेळ. दादरच्या काकूंनी लगेच विचारलं, “गाणं इंग्रजीत, गाणारा केरळचा, मग आपली माणसं त्यात कशी? हे ठरवतं तरी कोण?”

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. हे ठरवणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. या व्हिडिओचा दिग्दर्शक बिजॉय शेट्टी. त्याआधी २०२४ मध्ये याच जोडीचं ‘बिग डॉग्ज’ जगभर गाजलं होतं. रॅपच्या व्हिडिओत महागडी गाडी असायचीच, असा जणू नियम आहे. तिथेही गाडी होती, पण ती धावत होती जत्रेतल्या ‘मौत का कुआं’च्या उभ्या लाकडी भिंतीवर, केरळातल्या पोन्नानी गावात. आपण सगळ्यांनी लहानपणी जत्रेत वरच्या कठड्याला टेकून, धुरात डोळे चोळत पाहिलेलं दृश्य. ते रॅपच्या गाण्यात इतकं चपखल बसेल, असं आधी कुणाला वाटलं असतं?

दिग्दर्शकाला असं काही सुचतं कसं, त्यातून त्याची ‘शैली’ कशी घडते आणि ठरलेली वाट मोडल्यावर कधी जमतं, कधी फसतं, हे समजून घेऊ.

गाणं आधी, चित्र नंतर

सिनेमाच्या दिग्दर्शकापेक्षा म्युझिक व्हिडिओच्या दिग्दर्शकाचं काम मुळातच उलटं असतं. सिनेमात कथा आधी ठरते आणि गाणं तिच्यात बसवतात. इथे गाणं तयार होऊन हातात येतं. त्यातला एक शब्द बदलता येत नाही, एक सेकंद वाढवता येत नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं असेल, तर तेवढ्यातच जे काय करायचं ते करायचं.

आपल्या गणपतीसारखं आहे हे. मूर्ती ठरलेली. मखर कसं करायचं, उजेड कुठून सोडायचा, मागचा पडदा कुठल्या रंगाचा, हे तुमच्यावर. एखाद्या घरी आत शिरल्याबरोबर नजर मूर्तीवर जाते. दुसऱ्या घरी इतका झगमगाट असतो, की मूर्ती शोधावी लागते. तिसऱ्या एखाद्या घरी नुसत्या केळीच्या पानांत आणि एका समईत असं काही साधलेलं असतं, की वर्षानुवर्षं लक्षात राहतं. मूर्ती तिन्ही घरी पेणचीच असते.

कामाची पद्धत साधारण अशी. गायक किंवा गाण्याची कंपनी दोन-चार दिग्दर्शकांना गाणं पाठवते. प्रत्येक जण ते ऐकून ‘ट्रीटमेंट’ लिहितो. ट्रीटमेंट म्हणजे लेखी प्रस्ताव: काय दिसेल, कुठे दिसेल, रंग कोणते, माणसं कोण, आणि सोबत नमुन्याचे फोटो. ज्याची ट्रीटमेंट पसंत पडते, त्याला काम मिळतं. मग जागा बघणं, परवानग्या, एक किंवा दोन दिवसांचं शूटिंग, आणि शेवटी एडिट टेबल. बहुतेक व्हिडिओंची खरी लढाई या ट्रीटमेंटच्या पानांवरच जिंकली किंवा हरली जाते. नमुन्याचे फोटो सगळे जण त्याच चार वेबसाइटींवरून उचलतात, म्हणून सगळ्यांचे व्हिडिओ सारखे दिसायला लागतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तीन वेगवेगळ्या लोकांच्या ट्रीटमेंटमध्ये निळ्या-गुलाबी उजेडातल्या खोलीचा तोच फोटो होता.

चाकोरी पडते कशी?

प्रत्येक प्रकारच्या गाण्याची एक चाकोरी असते. रॅप म्हटलं की गाड्या, साखळ्या, मागे उभी असलेली पोरांची गँग. विरहाचं गाणं म्हटलं की पाऊस, काचेवरचे थेंब आणि परदेशातला रिकामा रस्ता. कोळीगीत म्हटलं की होडी, लुगडं, डोक्यावर टोपली आणि किनाऱ्यावर दोन रांगांत नाच. भक्तिगीत म्हटलं की निरांजन आणि मिटलेले डोळे.

याला सरसकट नावं ठेवू नयेत. चाकोरी म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार असतो. दुकानाच्या पाटीसारखा तिचा उपयोग होतो, आत काय मिळेल ते बाहेरूनच कळतं. गाणं ओळखू यायला पहिली दोन-तीन सेकंदं मिळतात, आणि तेवढ्यात होडी दिसली की बघणारा समजतो, हे आपलं गाणं. शिवाय चाकोरीत पैसे बुडण्याची भीती कमी वाटते. मागचं चाललं होतं ना, मग तसंच करा.

आपल्याकडे ही चाकोरी पडायला फार काळही गेलेला नाही. दूरदर्शनच्या काळात ‘चित्रहार’ आणि ‘छायागीत’मध्ये जे दिसायचं, ती सिनेमातली गाणी. त्यांची चित्रं सिनेमाच्या दिग्दर्शकाने आधीच ठरवलेली असायची. सिनेमाचा आधार नसलेल्या गाण्याला चित्र हवं, ही गरज खऱ्या अर्थाने उभी राहिली ती नव्वदीत. अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनल १९८१ मध्ये सुरू झालं होतं. भारतात १९९४ मध्ये चॅनल व्ही आलं आणि १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया. मधे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. दिग्दर्शक केन घोषने त्यात राजवाडा, राजकुमारी आणि लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण असं परीकथेसारखं जग उभं केलं. गाण्यामागे सिनेमा नव्हता, तरी चित्र घराघरांत पोचलं. पुढची काही वर्षं मग राजवाड्यांचं आणि वाळवंटांचं पीकच आलं.

म्हणजे एकाने वाट पाडायची, मागच्यांनी तिचा हमरस्ता करायचा. हे चक्र थांबत नाही. रॅपचंच बघा. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांनी ‘मेरे गली में’ केलं. एक अंधेरीच्या जे. बी. नगरचा, दुसरा कुर्ल्याचा. त्यात भाड्याच्या गाड्या आणि खोटी श्रीमंती नव्हती, मुंबईच्या खऱ्या गल्ल्या होत्या, आणि बघताना वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटलं होतं. आज दर दुसऱ्या रॅपमध्ये तीच गल्ली, तीच पत्र्याची छपरं, तोच कॅरम आणि वरून फिरणारा ड्रोन असतो. मोडलेली चाकोरी दहा वर्षांत नवी चाकोरी झाली.

मग स्वतःची शैली येते कुठून?

माझं मत असं, की ती बाहेरून आणता येत नाही. दिग्दर्शक या कामात येण्याआधी जे काही करत होता, ज्या गोष्टींकडे त्याचं आपोआप लक्ष जायचं, तिथून ती येते. गाणं ऐकल्यावर ‘यात बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न प्रत्येकासमोर असतो. एकाच माणसाने त्याला वर्षानुवर्षं स्वतःच्या स्वभावाने दिलेली उत्तरं एकापुढे एक ठेवा. त्यांच्यात जे सारखं दिसेल, ती शैली. घराण्याच्या गायकीसारखंच हे. बंदिश तीच, पण कोण सुरावर रेंगाळतो, कोण लयीशी खेळतो, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर आणि कानावर ठरतं.

मिशेल गोंद्री हा फ्रेंच दिग्दर्शक घ्या. दिग्दर्शक होण्याआधी तो एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यामुळे इतरांना गाण्यात शब्द ऐकू येतात, तिथे त्याला आधी ठेका ऐकू येतो. १९९७ मध्ये त्याने डाफ्ट पंक या फ्रेंच संगीतकार जोडीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’चा व्हिडिओ केला. या गाण्यात एकच ओळ पुन्हापुन्हा येते, गोष्ट अशी काही नाहीच. बहुतेकांनी हात टेकले असते. गोंद्रीने प्रत्येक वाद्याला माणसं वाटून दिली. खालच्या सुरातलं बास गिटार म्हणजे उंच खेळाडू, ते सुरांबरोबर पायऱ्या चढतात आणि उतरतात. ड्रम मशीन म्हणजे पट्ट्या गुंडाळलेल्या ममी. गिटार म्हणजे सांगाडे. यंत्रातून आल्यासारखा आवाज म्हणजे रोबो. कीबोर्ड म्हणजे पोहण्याच्या पोशाखातल्या मुली. नृत्यं ब्लांका ली हिने बसवली.

ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. ढोलवाले वेगळे, ताशेवाले वेगळे, झांजवाले वेगळे, ध्वजवाले वेगळे. डोळे मिटून ऐकलंत तर सगळं एक होऊन छातीत धडकतं. डोळे उघडून फक्त झांजवाल्यांकडे पाहत राहिलात, तर अचानक झांज वेगळी ऐकू यायला लागते. गोंद्रीने तेच केलं. तो व्हिडिओ पाहिल्यावर गाण्याचे थर सुटे ऐकू येतात. चित्राने कान तयार केला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि हा योगायोग नव्हता, हे २००२ मध्ये कळलं. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश संगीतकार जोडीच्या ‘स्टार गिटार’चा त्याचा व्हिडिओ म्हणजे धावत्या ट्रेनच्या खिडकीतून दिसणारं दृश्य, बाकी काही नाही. माणूस नाही, नाच नाही. पण नीट बघितलं की अंगावर काटा येतो. ठेक्याला खांब जातो. मधल्या ठोक्याला शेड येते. सूर लांबला की लांबच लांब भिंत लागते. गाणं ओसरलं की बाहेर मोकळं माळरान. गोंद्रीने सुट्टीत फ्रान्समधल्या एका रेल्वे प्रवासाचं चित्रण केलं होतं, तेही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, म्हणजे उजेड बदलता मिळावा. मग कुठला आवाज म्हणजे कुठली वस्तू, याचा आराखडा त्याने टेबलावर संत्री, काटे-चमचे, पुस्तकं, पेले मांडून केला.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. विंडो सीट मिळाली, कानात गाणं आहे, लोकलने वेग घेतलाय आणि रुळांशेजारचे खांब एकाएकी गाण्याच्या ठेक्यात जायला लागलेत, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतलाय. आपण चार खांबांनंतर ते विसरतो. गोंद्रीने त्याचा अख्खा व्हिडिओ केला. शैली म्हणतात ती अशीच सुरू होते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाणारी एक गोष्ट हट्टाने धरून ठेवण्यातून.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने १९९१ मध्ये आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या ‘लुझिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ केला. रॉक बँड म्हटलं की स्टेज, गिटार, घाम. त्याने त्याऐवजी काराव्हाज्यो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांसारखा अंधार-उजेड आणला, ख्रिस्ती संत आणले, आणि शेजारी आपल्या हिंदू देवतांच्या प्रतिमा उभ्या केल्या. भारतीय सिनेमातला तो भडक, स्वप्नाळू नाट्याचा भाग त्याला परका नव्हता, लहानपणापासून ओळखीचा होता. आपल्याकडे प्रदीप सरकार जाहिरातींतून आले होते. युफोरिया या दिल्लीच्या रॉक बँडच्या १९९८ च्या ‘धूम पिचक धूम’ला त्यांनी चामड्याची जाकिटं आणि धूर दिला नाही, बनारसचं घाटावरचं जग दिलं. जाहिरातवाला माणूस तीस सेकंदांत माणसांचं आख्खं नातं दाखवायला शिकलेला असतो. त्याच्या हाती चार मिनिटं आली की तो काय करेल, ते त्या व्हिडिओत दिसतं.

“हे सगळं पैशाचं काम आहे”

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो, आणि तो मला पटत नाही. मोठ्या पैशाने मोठी फ्रेम मिळते हे खरं. पण शैलीला धार अनेकदा तंगीच लावते.

फॅटबॉय स्लिम या ब्रिटिश डीजेच्या ‘प्रेझ यू’चा व्हिडिओ अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक जोन्झने सुमारे ८०० डॉलरमध्ये केला. लॉस एंजेलिसमधल्या एका थिएटरबाहेर, परवानगी न काढता, एक हौशी नृत्यमंडळ नाचतंय, प्रेक्षक रांगेत उभे आहेत, आणि थिएटरचा एक माणूस वैतागून येऊन टेप बंद करतो. तोही व्हिडिओत तसाच ठेवलाय. जोन्झ त्याआधी सायकल आणि स्केटबोर्डवर कसरती करणाऱ्या पोरांचे फोटो काढायचा. रस्त्यावर जे होईल ते पकडायचं, पडणं-धडपडणं कापायचं नाही, ही सवय त्याला तिथली. १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही आयपॅडवरच काढला. २०२० च्या टाळेबंदीत शूटिंगच बंद होतं, तेव्हा युक्रेनहून येऊन मुंबईत काम करणाऱ्या दार गाई या दिग्दर्शिकेने गायक प्रतीक कुहाडच्या ‘कसूर’साठी घरोघरी बसलेल्या लोकांचे नुसते चेहरे घेतले. त्यांना एकेक आठवण काढायला सांगितलेली, आणि ती आठवताना चेहऱ्यावर जे उमटतं, ते कॅमेऱ्यात. प्रेमगीताच्या चाकोरीतलं एकही दृश्य त्यात नाही, तरी इतकं प्रेमाने भरलेलं काही मी त्या वर्षी दुसरं पाहिलं नाही.

मुंबई तर अडचणींचंच शहर. दहा बाय बाराच्या खोलीत ट्रॉली मावत नाही, म्हणून कॅमेरा खांद्यावर घ्यावा लागतो. मागे सरकायला जागा नाही, म्हणून जास्त रुंद दिसणारी लेन्स लावावी लागते, आणि त्यामुळे चेहरे किंचित फुगतात, भिंती वाकतात. जूनपासून आकाशाचा भरवसा नसतो. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, आणि रात्रीच्या मुंबईचा रंगच बदलला. काही कॅमेरामन त्याबद्दल अजून हळहळतात. मुंबईच्या व्हिडिओंत जो धडपडता, माणसांना चिकटून चालणारा कॅमेरा दिसतो, तो अर्ध्याहून अधिक या अडचणींनी घडवलाय.

एक चाळ, एक दिवस

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका चाळीत एका नव्या मराठी गाण्याचं शूटिंग होतं, मी एका मैत्रिणीबरोबर बघायला गेले होते. गायिका लाकडी जिन्यात उभी. ‘प्लेबॅक’ म्हणजे सेटवर गाणं मोठ्याने वाजवणं, म्हणजे ओठ त्यावर हलवता येतात. साउंडवाल्या दादाने प्लेबॅक सुरू केला आणि मी दचकलेच. गाणं दुप्पट वेगाने वाजत होतं, आवाज चिवचिवाटासारखा. गायिका त्या वेगात भराभर ओठ हलवत, सावकाश मान वळवायचा प्रयत्न करत होती. घामाने निथळली होती बिचारी.

कारण मला नंतर कळलं. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपत होता. पडद्यावर ती सेकंदाला २५ या वेगाने दाखवतात. म्हणजे सगळं निम्म्या वेगाने दिसणार. दुप्पट वेगाच्या गाण्यावर हललेले ओठ निम्म्या वेगात बरोब्बर मूळ गाण्यावर येतात. पण तिचे केस, जिन्यातला धूळभरला उजेड, वरून उडत आलेलं एक पीस, हे सगळं निम्म्या वेगात. बघणाऱ्याला नेमकं काय वेगळं आहे ते सांगता येत नाही. गाणारी आपल्या काळात आहे आणि तिच्या भोवतीची चाळ दुसऱ्याच काळात आहे, एवढं मात्र जाणवतं. गाणं होतं सोडून गेलेल्या घरावर. म्हणून ती युक्ती तिथे शोभली. उडत्या चालीच्या गाण्यात तीच युक्ती नुसती चमकोगिरी झाली असती.

दुसरी गंमत एडिट टेबलावर. गाण्याचा वेग मिनिटाला ९६ ठोके असेल, तर एक ठोका ०.६२५ सेकंदाचा. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर बरोबर पंधरा चित्रांनी ठोका पडतो. नवशिका एडिटर दर पंधरा चित्रांनी कट मारतो आणि व्हिडिओ कवायतीसारखा दिसायला लागतो. मुरलेला एडिटर समेवर मुद्दाम कट मारत नाही. तो दोन चित्रं आधी कापतो, किंवा सम जाऊ देतो आणि ‘खाली’वर, म्हणजे तालातल्या हलक्या मात्रेवर कापतो. तबलजी समेला हुलकावणी देऊन पुढच्या आवर्तनात गाठतो, तेव्हा आपण ‘वा’ म्हणतो ना, तोच आनंद डोळ्यांना मिळतो. कुठल्या ठोक्याला कापायचं आणि कुठला सोडायचा, यातही दिग्दर्शकाचं हस्ताक्षर असतं. नाव झाकूनसुद्धा ते ओळखता येतं.

“मग गाण्याशी संबंध नसलेलं काहीही दाखवलं की झाली शैली?”

अजिबात नाही. आणि इथेच बरेच जण घसरतात. रॅपमध्ये घोडा आणला, अभंगात मोटारसायकल आणली, म्हणजे चाकोरी मोडली असं होत नाही. मी स्वतः एक परीक्षा करते. व्हिडिओचा आवाज बंद करायचा आणि त्याच्यावर दुसरं कुठलंही गाणं लावायचं. चित्र तरीही तसंच चाललं, तर दिग्दर्शकाने गाणं ऐकलंच नव्हतं. ‘स्टार गिटार’ या परीक्षेत क्षणभरही टिकत नाही, गाणं बदललं की ते कोसळतं. तेच त्याचं यश.

‘बिग डॉग्ज’मधला मौत का कुआं याच कारणाने जमतो. गाणं गुर्मीचं आहे, वेगाचं आहे, गोल गोल फिरत वर चढणारं आहे. विहिरीच्या भिंतीवरची गाडीही तशीच चढते, आणि थांबली तर खाली पडते. रॅपच्या चाकोरीत गाडी श्रीमंती दाखवते. इथे ती जीव पणाला लावणं दाखवते. चाकोरीतली वस्तू तीच राहिली, अर्थ बदलला. चाकोरी नीट माहीत असल्याशिवाय हे करता येत नाही. ज्याला लावणीची बैठक माहीत नाही, तो ती मोडणार काय?

“शैली म्हणजे तेच तेच नाही का?”

तीही एक चाकोरीच की, फक्त स्वतःची, असं कुणी म्हणेल. धोका खरा आहे. हाइप विल्यम्स या अमेरिकन दिग्दर्शकाने नव्वदीत माशाच्या डोळ्यासारखी फुगीर दिसणारी लेन्स आणि झगझगीत रंग रॅपमध्ये इतक्या ताकदीने आणले, की पुढे सगळेच ती लेन्स लावायला लागले. नक्कल लेन्सची झाली. रॅपर मिसी एलियटच्या ‘द रेन’मध्ये ती लेन्स तिच्या फुगवलेल्या काळ्या पोशाखाला, तिच्या बेधडकपणाला जी साथ देत होती, ती नकलांना नव्हती. वस्तू उचलता येते, नजर उचलता येत नाही. चांगल्या दिग्दर्शकाचा प्रश्न तोच राहतो, उत्तर दर वेळी बदलतं. गोंद्री प्रत्येक वेळी ठेकाच दाखवतो, पण एकदा ममींतून, एकदा खांबांतून.

“रीलच्या जमान्यात हे कोण बघतंय?”

पंधरा सेकंदांची उभी चौकट, पहिल्या दोन सेकंदांत पकड, आणि नाचायला सोपी एक स्टेप. कंपन्या आता शूटिंगच्या दिवशीच हे वेगळं काढून मागतात. यामुळे बऱ्याच दिग्दर्शकांचा जीव मेटाकुटीला येतो हे खरं, पण मला याची फार चिंता वाटत नाही. चौकट बदलली तरी ‘यात बघण्यासारखं काय आहे’ हे कुणाला तरी ठरवावंच लागतं.

“आमची लोककला म्हणजे यांची सजावट?”

चिंता वाटते ती याची. काकांना मर्दानी खेळ दिसल्याचा आनंद झाला, मलाही झाला. पण परंपरेतली वस्तू उचलून गाण्यात ठेवायचे दोन प्रकार असतात. एकात माणूस येतो, वर्षानुवर्षं तालमीत घाम गाळलेला, आणि कॅमेरा त्याच्या कामासाठी थांबतो. दुसऱ्यात फक्त पोशाख येतो. कोळीवाड्यातल्या कित्येक शूटिंगमध्ये होड्या, जाळी, रंगीत दारं सगळं हवं असतं. तिथल्या बायकांना मात्र ‘जरा फ्रेमच्या बाहेर व्हा’ सांगतात आणि त्यांची लुगडी नेसलेल्या बाहेरच्या मुली आत येतात. त्याला मी शैली म्हणणार नाही. ते उसनं घेणं आहे, आणि उसनं परत न करणं. चाकोरी मोडायची तर आधी इथली मोडा. ज्यांची जागा, ज्यांची कला, त्यांना चौकटीत घ्या, मानधन द्या, आणि नावं लिहा. १९९२ पर्यंत एमटीव्हीवर दिग्दर्शकाचंही नाव लिहीत नव्हते. त्यांना ते मिळालं. आता पुढची नावं लिहायची वेळ आहे.

गिरगावच्या त्या चाळीत सकाळी कला विभागाच्या मुलांनी गॅलरीतल्या दोरीवर कोऱ्या साड्या टाकल्या होत्या, ट्रीटमेंटमधल्या रंगांच्या. दिग्दर्शिका आली, दोरीकडे बघत मिनिटभर उभी राहिली आणि शेजारच्या खोलीतल्या आजींना म्हणाली, “आजी, तुमचे आजचे कपडे कुठायत?” आजी ओशाळल्या. “अगं, ते जुने आहेत, विटलेत.” “तेच हवेत.” साड्या उतरल्या. आजींचं फिकट जांभळं नऊवारी, नातवाचा शाळेचा शर्ट आणि एक पंचा वर चढला. आजींनी स्वतःच चिमटे लावले, नेहमीसारखे, लुगड्याला तीन. कॅमेरा तेवढा वेळ चालू होता.

व्हिडिओत ते आठ सेकंद आहेत, दुसऱ्या कडव्याच्या आधी. शेवटी नावांची यादी येते, तिच्यात आजींचंही नाव आहे. मैत्रीण सांगत होती, नातू मोबाईल घेऊन आला की आजी गाणं पहिल्यापासून लावू देत नाहीत, “माझ्या दोरीपासून लाव” म्हणतात.